खांद्याची पाळी

मी तक्ते करणारा माणूस. हुबळीजवळच्या तारिहाळच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये कारकून होतो. तीन पाळ्यांत कोण कधी यंत्रावर उभं राहणार, कुणाची सुट्टी, कुणाच्या जागी कोण, हे सगळं आडव्याउभ्या रेघांत बसवायचं, हेच माझं काम. रेघा मला आवडायच्या. घरातसुद्धा दळण कुणी कधी आणायचं याचा तक्ता मी एकदा केला होता, तो बायकोनं भाकरीच्या डब्याखाली अंथरला. त्यामुळं सत्तरच्या दशकाच्या शेवटाला आमच्या मंडळाचं चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी काय करणार हे तिला माझ्या आधी कळलं असणार.

मंडळ म्हणजे हुबळीतल्या आमच्या वस्तीतल्या बौद्ध कुटुंबांचं. घरात मराठी, दाराबाहेर पडलं की कानडी. कुणी बेळगावचे, कुणी खानापूरकडचे, कुणी अळणावरच्या आसपासच्या खेड्यांतले, नोकरी धरून इथं आलेले. मंडळ जयंती करायचं, मुलांना वह्या वाटायचं. पण ते निघालं होतं एकाच कारणासाठी. कुणाच्या घरी मयत झाली तर खांदा द्यायला माणसं असावीत. शेजारपाजार वाईट नव्हता. अडीनडीला साखर, विरजण देणारी माणसं होती. पण खांद्याची वेळ आली की नेमकं त्यांना काहीतरी काम निघायचं. ते का निघतं हे आम्हाला ठाऊक होतं आणि त्यावर बोलत बसायची कुणाला हौस नव्हती. आपली माणसं आपण न्यायची, एवढं जुन्या लोकांनी ठरवलं होतं.

रीतही त्यांनीच घालून दिलेली. विहाराच्या दाराला पांढरं फडकं बांधायचं. ज्याला दिसेल त्यानं दुसऱ्याला सांगायचं आणि ज्याला जमेल त्यानं यायचं. यादी नाही, हजेरी नाही. कधी चाळीस माणसं जमत, कधी पंधरा. मी चिटणीस झालो आणि पहिल्याच बैठकीत गिरणीतल्या एका माणसानं तोंड उघडलं. "दर वेळेला आम्ही ठरलेल्यांनीच अर्धी रजा घालवायची, आणि बाकीचे जेवून ढेकर देत बसणार. हे काय बरं न्हवं."

त्याचं म्हणणं खरं होतं. मला तर आयतंच निमित्त मिळालं. पुढच्या रविवारी मी बसलो आणि तक्ता केला. बारा महिने, दर महिन्याला आठ माणसं. चार उचलायला, चार बदलायला. एका घरातले दोन भाऊ एका महिन्यात नकोत, रात्रपाळीवाले सगळे एकदम नकोत, असा सगळा विचार करून. सायक्लोस्टाइल करून घरोघरी वाटला आणि एक प्रत विहाराच्या भिंतीला चिकटवली. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. "आता कसं शिस्तीत झालं," म्हणाले. मी आठवडाभर हवेत होतो.

तक्त्यानंतरची पहिली मयत झाली तेव्हा बरोबर आठ माणसं आली. आठच्या आठ, वेळेवर. मी वहीत आठ खुणा केल्या. चिटणीस झाल्यापासून माझ्या खांद्यावर तिरडी कमी आणि काखेत वही जास्त असायची. वाटेत एक म्हातारी माझ्याजवळ येऊन चालू लागली आणि कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तशी हाक मारून म्हणाली, "तम्मा, बाकीचे कुठायत?"

"त्यांची पाळी नाही, अक्का."

"पाळी?" ती म्हणाली.

या अक्काबद्दल सांगायला हवं. ती दवाखान्यात आया म्हणून राबून निवृत्त झालेली, एकटी. मूलबाळ नाही, भाऊबंद नाही. वस्तीतल्या प्रत्येक मयतीला ती यायची आणि सगळ्यात मागं, पाण्याची कळशी घेऊन स्मशानापर्यंत चालायची. लहानपणी मला वाटायचं, हिला मयतीची आवडच आहे. खरं कारण तिनं मला एकदा स्वतः सांगितलं. तिचा नवरा अळणावरजवळच्या एका खेड्यात लाकडाच्या वखारीत कामाला होता. तो गेला तो ऐन सुगीत. गावातले झाडून सगळे शेतात, आणि जे घरी होते ते आपल्याला हात लावणारे नव्हते. दोनच माणसं आली. दोघांनी काय उचलणार? शेवटी वखारीतली लाकडं वाहायची बैलगाडी आणली. "लाकडासारखं नेलं रे त्यांना," अक्का म्हणाली. "गाडी खड्ड्यात गेली की डोकं हलायचं. मी मागनं हात लावून चालले." तिला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. आपण माणसांच्या खांद्यावरून जावं. गाडीवरून नको.

आणि ते माझ्या हातात होतं, कारण मी चिटणीस होतो.

तक्त्याचं काय झालं ते मला बराच काळ कळलंच नाही. दुसऱ्या मयतीला सात आले. नंतर सहा. ज्यांची पाळी नव्हती ते येईनासे झाले होते, हे तर पहिल्या दिवसापासूनच. पण मी खुणा आठांच्याच करत होतो, मला ते दिसणार कसं? पूर्वी फडकं बघून माणूस विचार करायचा, जावं का? आता तो भिंतीवरचा तक्ता बघायचा आणि सुटकेचा निःश्वास टाकून घरी जायचा. ज्याची पाळी असायची त्याला वाटायचं, सात जण आहेतच की. मी दारात गेलो की सगळे म्हणायचे, "आत्रि." हो म्हणायची ही आमच्याकडची कानडी रीत. झालं, ठीक, येतो, बघू, सगळं त्या एका शब्दात. तोंडावर नाही म्हणणारा एक माणूस मला त्या वर्षांत भेटला नाही.

मग मी चिटणीस लोक करतात ते सगळं केलं. बैठका बोलावल्या. बैठकीला पाच जण यायचे, आणि जे आले नाहीत त्यांच्यावरचा राग मी त्या पाच जणांवर काढायचो. पुढच्या बैठकीला तीन यायचे. नोटिसा काढल्या, त्यात 'जबाबदारी' हा शब्द लाल शाईनं अधोरेखित केला. बायको म्हणाली, "लाल शाई बघून कोण येणार? मारक्या म्हशीलासुद्धा जरा गोंजारून बोलावतात की." मी तिच्यावर खेकसलो. आत कुठंतरी मला भीती वाटू लागली होती आणि भीती वाटली की मी खेकसतो.

भीती कशाची, तर मरणाची. म्हणजे दुसऱ्यांच्या. कारखान्याच्या बसमधून उतरून घरी येताना मी म्हाताऱ्यांच्या घरांकडे बघत यायचो. कुणाच्या दारात जास्त चपला दिसल्या की थांबून त्या मोजायचो. कोण आजारी आहे याची यादी मनात चालू असायची आणि तिच्याशेजारी महिन्याची यादी. जूनची माणसं चांगली होती, फेब्रुवारीचीही बरी. नोव्हेंबर म्हणजे नुसता फाटका महिना. त्यातला एक बदलीवर बेळगावला गेला, एकाची कंबर धरलेली, दोघांचं आपसात बोलणं बंद, एक कॉलेजात नोकरी लागून विद्यानगरला राहायला गेलेला. त्याला आता आमची गल्ली अरुंद वाटत असणार, अशी माझी खात्री होती. आज सांगायला लाज वाटते, पण एका मे महिन्यात वस्तीतले एक अप्पा अंथरुणाला खिळले होते आणि मी रोज मनातल्या मनात म्हणायचो, अप्पा, एवढे आठ दिवस काढा, जून लागू द्या. त्यांच्या आयुष्यासाठी नव्हे. माझ्या तक्त्यासाठी.

अप्पांनी जून गाठला नाही. त्या दिवशी तीन माणसं आली. मी चौथा झालो असतो, पण तिघांतल्या एकाचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. त्यानं आल्या आल्या पोटावर हात ठेवून सांगितलं, "चालत येतो, उचलायचं तेवढं सांगू नका." दीड मैलाची वाट. अप्पांची मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी चौकात गेलो आणि हातगाडी घेऊन आलो.

अक्का तेव्हाही मागं होती. गाडी खडखडत होती. तिनं कळशी दुसऱ्या बाईकडे दिली आणि एक हात गाडीच्या फळीवर ठेवून चालली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

दोन-तीन आठवड्यांनी ती विहारात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी भिंतीवर नवी प्रत चिकटवत होतो. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं तक्त्यावरून बोट फिरवलं.

"तम्मा, एक विचारू?"

"विचार की."

"मी कुठल्या महिन्यात मरू, तेवढं सांगून ठेव."

चेष्टा करत असेल म्हणून मी हसलो. ती हसली नाही.

"जूनची माणसं बरी हायत म्हणतात. नोव्हेंबर नको, नव्हं?"

मी कुणाजवळही न बोललेली गोष्ट ती माझ्या तोंडावर बोलत होती, आणि तिच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता. ती खरोखरच चौकशी करत होती, गाडी किती वाजता सुटते विचारतात तशी. मी म्हणालो, "असं काय बोलतेस अक्का, मी आहे ना. माणसं आणायची जबाबदारी माझी."

"आत्रि," ती म्हणाली आणि चप्पल पायात सरकवून निघून गेली.

त्यानंतर मला चैन पडेना. मी नोव्हेंबरचा महिना चार वेळा खोडून लिहिला. चांगली माणसं तिकडे हलवली की दुसरा महिना फाटायचा. एका रविवारी सायकल काढून आठही जणांच्या दारात गेलो आणि तक्ता पुढं धरून सांगितलं, "तुमची पाळी आहे, लक्षात ठेवा." त्यांनी तक्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आत्रि." विद्यानगरवाला घरात नव्हता. त्याच्या बायकोनं चहा विचारला, मी नको म्हणालो. परत येताना मला इतका राग आला होता की सायकलची घंटी मी विनाकारण वाजवत होतो.

अक्का आजारी पडली ती नोव्हेंबर लागल्यावरच. पडायचंच होतं तर तिनं दुसरा महिना तरी बघायचा. ताप, मग छातीत कफ. शेजारची बाई तिच्याजवळ बसायची. मी रोज कामावर जाताना दारात डोकवायचो, आणि खरं सांगतो, मी तिच्याकडे बघत असताना मनात दिवस मोजत होतो. डिसेंबरची माणसं काही फार चांगली नव्हती, पण चौघं तरी नक्की आली असती. तिला बोलायला त्रास व्हायचा. मला बघितलं की ती हातानं जा म्हणायची, कामाला उशीर होईल अशा अर्थानं.

एका सकाळी मी बससाठी बाहेर पडतोय तोच शेजारची बाई समोरून आली. तिचा चेहरा बघूनच कळलं. मी घरात जाऊन वही घेतली, सायकल घेतली. जाता जाता विहाराच्या दाराला फडकं बांधलं, ते नुसतं सवयीनं. फडक्यानं कुणी येत नाही हे मला आता माहीत होतं. मग तक्त्यातल्या पहिल्या घरी गेलो. कुलूप. दुसऱ्या घरी कुलूप. तिसऱ्या घरी दार ओढून घेतलेलं, हाका मारल्या, कुणी नाही. चौथा, पाचवा, तेच. सकाळच्या पाळीला गेले असणार सगळे, किंवा मला लांबून बघून मागच्या दारानं सटकले असतील. तोपर्यंत माझं मन असंच चालायला लागलं होतं. विद्यानगरला जायचा तर मी विचारही केला नाही.

चौकात येऊन सायकलवरून उतरलो. मी आहे ना, असं मी तिला म्हणालो होतो. मी, आणि कोण? शेजारणीचा नवरा, तो दम्याचा. आम्ही दोघं. तिच्या नवऱ्याच्या वेळीही दोघंच होते. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी रडलो, म्हणजे रडू आलं आणि मी ते नाक शिंकरल्यासारखं केलं. मग जे करायला नको होतं तेच केलं. हातगाडीवाल्याला म्हणालो, "चल."

गल्लीच्या तोंडाशी आलो तर गल्ली भरलेली.

आधी मला वाटलं, भांडण झालंय. मग पांढरे सदरे दिसले. गिरणीतला तो माणूस होता, ज्यानं पहिल्या बैठकीत तक्रार केली होती. एकमेकांशी न बोलणारे ते दोघं तिरडीला दोन बाजूंनी दोऱ्या बांधत होते. कंबर धरलेला काठी टेकत आला होता. जूनची माणसं, फेब्रुवारीची माणसं, कधीच न आलेली माणसं. कुलूप लावलेल्या घरांतले सगळे इथं होते, बायकापोरांसकट. शेजारच्या बाईनं माझ्याआधीच दारोदार सांगितलं होतं. पन्नाससाठ तरी असतील. आणि मी त्यांच्यासमोर हातगाडी घेऊन उभा.

सगळ्यांनी गाडीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. आयुष्यात माझी तेवढी लाज कधी निघाली नव्हती. गिरणीवाला पुढं आला, गाडीवाल्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला कानडीत शांतपणे म्हणाला, नको, तू जा. गाडी वळवायला गल्ली अपुरी होती, म्हणून लोकांना भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. तेवढा वेळ मी वही घट्ट धरून उभा होतो.

त्रिशरण-पंचशील झालं. उचलायच्या वेळी खरी गंमत झाली. पुढची उजवी बाजू धरायला तीन जण एकदम पुढं आले. "मला सांगितलंय तिनं," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "मला घरी येऊन सांगून गेली. पुढनं उजवीकडं तू धर म्हणून." तिसराही तेच म्हणत होता, आणि मागं आणखी चार जण. त्या घरासमोर, त्या वेळी, लोक हसले. मग उलगडा झाला. हातगाडीच्या त्या दिवसानंतर अक्का महिनोन् महिने घरोघर हिंडली होती. प्रत्येकाच्या ओसरीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, माझ्या वेळेला तू ये, तुझ्या खांद्याची उंची मला बरी पडेल, पुढनं उजवीकडं तुझी जागा. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. प्रत्येकानं ते पाळलं होतं. तक्त्यात आठांच्या वर माणूस बसत नव्हता आणि तिनं एकाच जागेवर पन्नास माणसं बसवली होती.

शेवटी ठरलं, दहा-दहा पावलांवर बदलायचं, सगळ्यांनी पुढनं उजवीकडूनच. बाकीच्या तीन कोपऱ्यांना जो सापडेल तो.

मी मागं राहिलो. तिरडी माझ्यापुढं माणसांवरून माणसांवर जात होती, जराही न हलता. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण चालता चालता एक गोष्ट टोचायला लागली. प्रत्येक घरी ती गेली होती. कंबर धरलेल्याकडे, भांडणाऱ्या दोघांकडे, तिला नावानंसुद्धा ओळखत नसलेल्या नव्या भाडेकरूंकडे. माझ्या घरी ती आली नव्हती. माझं घर तिच्यापासून सहा दारांवर. मी येणारच हे ती धरून चालली होती का? की मी येईन तो वही घेऊनच, खांदा घेऊन नव्हे, हे तिला कळून चुकलं होतं? आजारपणात रोज दारात डोकवत होतो, तेव्हाही तिनं मला जा म्हणूनच खूण केली. मला विचारलं असतंस तर मी आलो असतो अक्का, असं मी मनात म्हणत होतो, आणि त्याच सकाळी मी काय घेऊन आलो होतो तेही विसरता येत नव्हतं.

स्मशान जवळ आलं होतं. विद्यानगरवाला माझ्या शेजारी आला. त्याचा सदरा घामानं भिजला होता. म्हणाला, "माझ्याकडं बसनं आली होती म्हातारी. उतरायचं चुकली, मग दोन स्टॉप उलटं चालत आली. मी तिला परत सोडायला आलो तर नको म्हणाली." मग म्हणाला, "तुम्हाला कुठली जागा सांगितली होती?"

मी त्याच्याकडे बघितलं. "तीच," मी म्हणालो. "पुढची उजवी."

"मग असं मागं काय राहिलाय? तुमची पाळी कधी येणार?" असं म्हणून त्यानं माझ्या काखेतली वही काढून घेतली, दंडाला धरून मला गर्दीतून पुढं नेलं आणि उजवीकडच्या माणसाला बाजूला करून मला तिथं उभं केलं. दहा पावलं होती. तेवढी दहा पावलं मी तिला खोटं बोलून नेलं.